इमॅजिकाला आम्ही चौघंच जातोय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन करता आला असता, पण फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई त्यांना आपल्या पद्धतीने सांगते. समोर बसून बोलायचं म्हटलं, तर माझा निर्धार पोह्यांच्या दुसऱ्या बशीपर्यंतच टिकतो. म्हणून लिहून मंदारबरोबर पाठवतेय. आधी चहा घ्या, मग वाचा.

येत्या मंगळवारी इमॅजिका थीम पार्कला आम्ही चौघंच जातोय. तिकिटं काढून झाली आहेत. तुमची दोन काढलेली नाहीत.

बाबा, तुम्ही कट्ट्यावर सगळ्यांना सांगून ठेवलंय, हे मला ठाऊक आहे. अदू फोनवर "आजोबा, तुम्ही माझ्याशेजारी बसायचं हां" म्हणाला आणि तुम्ही "हो रे राजा" म्हणालात, तेही मी ऐकलं. रागवा, पण पूर्ण वाचून झाल्यावर.

श्रावणात दोन स्टेंट बसलेत. डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर अर्धा तास चालायला सांगितलंय, दिवसभर उन्हात उभं राहायला नाही. तिथल्या प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी पाटी असते: हृदयविकार, रक्तदाब, पाठीचं-मानेचं दुखणं असेल तर बसू नये. तुम्ही म्हणाल, "मी कुठे पाळण्यात बसणार आहे, मी आपला बाकावर बसेन." बाबा, तुम्ही आयुष्यात कधी बाकावर बसलायत का? पेशवे पार्कात आई आम्हाला माकडं दाखवत फिरायची आणि तुम्ही फुलराणी आगगाडीच्या रांगेत एकटे उभे. नंबर जवळ आला की खिशातून तो चौकोनी घडीचा रुमाल निघायचा, दोनदा हलायचा, की दादा आणि मी धावत सुटायचो. तेव्हा मधे शिरलेलं चालायचं. आता रांगेतून कोणी मागून येऊन पुढे गेलं की भांडणं होतात. म्हणजे तुम्ही रांगेत उभे राहणार, शेवटपर्यंत उभेच राहणार, आणि छातीत काही झालं तरी घरी परतल्यावर सांगणार. महाबळेश्वरला काय झालं होतं, ते मी परत लिहीत नाही.

आणि आई, तू "मी यांच्याकडे बघते" म्हणशील. तुझ्या गुडघ्याकडे कोण बघणार? तिथे गाडी लावल्यापासून फाटकापर्यंत चालणं, आत चालणं, स्वच्छतागृह शोधत चालणं. संध्याकाळी तुला जिना चढवत नाही, हे तू मला सांगितलेलं नाहीस, ओवीने सांगितलंय. तिला ओरडू नकोस.

बाबा मला पहिलं काय विचारणार तेही माहीत आहे: "प्लॅन काय केलाय?" स्वारगेटच्या नियंत्रण कक्षात आयुष्य काढलेल्या माणसाला उगाच "जाऊ नि येऊ" म्हणून चालत नाही. तर ऐका.

मंगळवार अशासाठी की, शनिवार-रविवारी मुंबईही तिथे असते आणि पुणंही. २०१३ साली ते सुरू झालं तेच मुळी दोघांच्या मधे, खोपोली-पाली रस्त्यावर. नाताळच्या सुटीत तर नावच काढू नये. ओवीच्या शाळेला संमेलनानंतरची सुटी नेमकी मंगळवारी आलीय, अदूच्या बालवाडीला एक दिवस बुट्टी. डिसेंबरात आडवारीसुद्धा शाळांच्या सहली येतात, पण त्यांच्या बस मुलं गोळा करत, हजेरी घेत येतात. त्या पोचेपर्यंतचा वेळ आपला.

म्हणून साडेसहाला निघणार. रावेतहून किवळ्याला दहा मिनिटांत एक्सप्रेसवेला लागतो. वाटेत फूड मॉलला थांबायचं नाही, हे मंदारकडून आधीच कबूल करून घेतलंय. एका वड्यापायी पाऊण तास जातो. आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून थालीपीठं गाडीतच संपवायची. घाट उतरताना तुमची आठवण निघेलच. अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला, तरी त्या वळणावर तुम्ही अजून मान वर करून बघता. खोपोलीला बाहेर पडून पालीकडे वळलं की आलंच. फाटक उघडायच्या अर्धा तास आधी रांगेत.

पुढचं तुम्हाला कोणापेक्षाही जास्त कळेल. राइडच्या एका फेरीत माणसं ठरावीक बसतात, तासाला फेऱ्याही ठरावीक होतात. गर्दी वाढली म्हणून काही जादा गाडी सुटत नाही. दिवाळीत स्वारगेटला पहाटे पाचला मिळणारी खिडकीची जागा नऊला मिळत नाही, तसंच. म्हणून पहिल्या तासात जिथे रांग सगळ्यात लांब होणार तिथे जायचं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: आत शिरल्या शिरल्या जे समोर दिसेल तिथे थांबतात, फोटो काढतात, टोप्या विकत घेतात. आम्ही सरळ पुढे चालणार. मंदार आणि ओवी नायट्रो नावाच्या रोलरकोस्टरला. त्यात पायाखाली फळीसुद्धा नसते, पाय हवेत लोंबकळत राहतात. (आई, हे वाक्य वाचलं नाहीस असं समज. पट्टा, वरून येणारा दांडा, सगळं असतं, आणि ते बंद झाल्याचं माणूस येऊन हाताने ओढून बघतो.) तोवर मी अदूला घेऊन घोड्यांच्या चक्रावर. मग अदलाबदल: अदू मंदारकडे, मी ओवीबरोबर डीप स्पेसला. ते अंधारातलं रोलरकोस्टर आहे. मला भीती वाटते, पण ओवीला सांगू नका.

अदूची उंची नायट्रोला पुरत नाही. हे त्याला तिथे फाटकावर कळलं असतं तर निम्मा दिवस रडण्यात गेला असता, म्हणून आताच दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलची रेघ मारली. टाचा उचलत होता लबाड. मग त्याला त्याच्या उंचीत बसणाऱ्या राइडची यादी करून दिली, ती त्याने उशीखाली ठेवलीय. "ह्या फक्त माझ्या, ताईच्या नाहीत" म्हणून कालपासून मिरवतोय.

जेवण पावणेबाराला. सगळे एकला जेवतात, तेव्हा आपण रिकाम्या रांगेत. ऊन चढलं की छताखालचं बघायचं. तिथे आय फॉर इंडिया म्हणून एक आहे, त्यात खुर्च्या अधांतरी होतात आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर देश पायाखालून सरकत जातो. बाबा, ते बघताना मला तुमचीच आठवण येणार. राजासॉरस ही पाण्यातली राइड, तिथे भिजायला होतं, म्हणून ते तीनच्या आत. डिसेंबरात उन्हं उतरल्यावर ओल्या कपड्यांत अदूला शिंका सुरू होतात. कपड्यांचा एक जादा जोड प्रत्येकाचा घेतलाय, मंदारचाही. शेजारच्या वॉटर पार्कला जायचं नाही. त्याचं तिकीट वेगळं, नायलॉनचे कपडे वेगळे, आणि एका दिवसात दोन्ही करणारे लोक दोन्हीकडून थकूनच येतात.

तीन ते चार कोरा ठेवलाय. तुम्ही कालनिर्णयच्या पानामागे सहलीचं वेळापत्रक लिहायचात, त्यात शेवटी लाल शाईत "राखीव" असायचं ना, तेच. गणपतीपुळ्याला त्या राखीव वेळेतच दादाची चप्पल सापडली होती. संध्याकाळी परेड असते. सगळे रस्त्याच्या कडेला जमतात, त्या वेळी राइडच्या रांगा ओसरतात. हिशेबाने बघितलं तर तेव्हा नायट्रोला दुसऱ्यांदा जावं. पण अदूला परेड बघायचीय, तेव्हा मंदारच्या खांद्यावर बसून परेड. बंद व्हायच्या तासभर आधी निघणार, म्हणजे पार्किंगमध्ये अडकायला नको. मंदारला खोपोलीत चहा पाजल्याशिवाय घाट चढायचा नाही, हेही ठरलंय.

मुलं हरवण्याची काळजी करू नका. दोघांच्या मनगटावर माझा नंबर बॉलपेनने लिहिणार आणि सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला दोघांचा फोटो काढणार. हरवलात तर शोधत फिरायचं नाही, आहात तिथेच उभं राहायचं, हे तुमचंच वाक्य मी रोज रात्री त्यांच्याकडून म्हणून घेतेय.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही पोरांना घेऊन फिरा, आम्ही तोवर महड-पाली करून येतो, रस्ता एकच आहे. हा विचार मी केला होता, अगदी ड्रायव्हर विचारण्यापर्यंत. पण मग मी रांगेत आणि माझा जीव फोनमध्ये. तिकडे तुमचंही दर्शन घाईत, "पोरं वाट बघत असतील" म्हणत. तुम्हाला घेऊन मला वेगळं जायचंय. संक्रांत झाली की, चतुर्थी सोडून, साध्या वारी. महडला गाभाऱ्यात जाऊन आपल्या हाताने पूजा करता येते, बाबांना कितीतरी दिवस करायचीय. पालीला बल्लाळेश्वराच्या दारात सावलीत बसू, कोणाचाही नंबर लावायचा नाही, घड्याळ घरी. त्या दिवशी पोरं शाळेत. मी एकटी तुमची.

मंगळवारचं सगळं ठरवलंय. दुपारचा डबा कोपऱ्यावरच्या काकूंकडे सांगितलाय: कमी तिखट, मूगडाळीची आमटी, बाबांच्या पोळीला तूप नाही. (आई, वरून घालू नकोस.) चारला समोरच्या काकू येऊन बसतील. त्यांना "कशाला आलात" असं वाटू देऊ नका, त्यांना स्वेटरचा गळा विचारायचाच आहे. गीझर मंदार आजच बघून जाईल. आम्ही जेवायला बसलो की व्हिडिओ कॉल करीन, तेव्हा फोन कानाला लावू नका, समोर धरा. मागच्या वेळी ओवीने पंधरा मिनिटं बाबांच्या कानाशी गप्पा मारल्या. आणि शुक्रवारी शाळा सुटली की दोघं तुमच्याकडे राहायला येतायत, रविवारपर्यंत. अदूला सगळी गोष्ट आजोबांना सांगायचीय, आणि ती तो पहिल्यापासून सांगतो, मधे थांबवलं तर परत पहिल्यापासून.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी जेवणानंतर, आधी नाही. डबीचे मंगळवारचे कप्पे मी भरलेत. सकाळी चालायला जाताना कानटोपी. भाजी आणायला मंडईत जायचं नाही, आठवडाभराची मंदारबरोबर पाठवलीय. रिपोर्ट शनिवारी आणायचेत, मी आणीन; तुम्ही पीएमटीने जाऊन आणू नका. वारंवार सांगितलं की तुम्ही "बरं" म्हणता आणि जाताच.

दहावीच्या परीक्षेच्या दिवशी तुम्ही मला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडलंत, मोठी झाले होते तरी. उतरताना मला लाज वाटली होती, मैत्रिणी बघत होत्या. तुम्ही फाटकाबाहेर पेपर सुटेपर्यंत उभे होतात, हे आईने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. म्हणून म्हणते, बाकाचं मला सांगू नका.

वेळापत्रकाचा कागद सोबत जोडलाय. बघा आणि काय चुकतंय ते लाल पेनाने खूण करून मंदारकडेच द्या. साडेसहाचं सहा करायचं असेल तर कारण लिहा.

तुमची,
मनू

ता. क. आई, निळ्या झाकणाचा डबा मंदारबरोबर परत पाठव. रिकामा पाठव. डिंकाचे लाडू आमच्याकडे अजून आहेत.