भरतकामाचा दर्जा फ्रेम लावतानाच ठरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत यंत्रावरील भरतकामाच्या व्यवसायाविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांना यंत्राची निवड, पंचिंग (म्हणजे नक्षीचे यंत्राला कळेल अशा टाक्यांत रूपांतर) आणि दोऱ्याची प्रत यांविषयी त्यात चांगली माहिती मिळते. मात्र कपडा फ्रेममध्ये, म्हणजे तो पकडून ठेवणाऱ्या आतल्या-बाहेरच्या दोन रिंगांमध्ये, लावण्याचे काम, तो ढोलासारखा घट्ट ताणावा एवढे सांगून, एका वाक्यात उरकले आहे. हे वाक्य अपुरे आहे आणि टी-शर्टसारख्या होजिअरीच्या कपड्यांच्या बाबतीत सरळसरळ चुकीचे आहे. अनेक वर्षे हेच काम करत आल्यामुळे त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

होजिअरीचे कापड म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या फासांची वीण असते. ती ताणली की फास उघडतात आणि सोडली की पुन्हा मिटतात. असे कापड ताणलेल्या स्थितीत फ्रेममध्ये बसवले, तर त्यावर पडणारे हजारो टाके त्याला त्याच ताणलेल्या स्थितीत जखडून टाकतात. फ्रेम काढल्यावर भोवतालचे कापड मूळ मापावर येते, टाक्यांखालचे येऊ शकत नाही, आणि नक्षीच्या कडेने चुण्या उठतात. त्या इस्त्रीने जात नाहीत, धुतल्यावर तर अधिकच दिसतात. फ्रेममध्ये कापड सपाट असावे, ताणलेले नसावे. घट्टपणा हवा तो बॅकिंगमध्ये, म्हणजे कापडाखाली आधारासाठी लावलेल्या थरात.

काही वर्षांपूर्वी पोलो टी-शर्टच्या एका मोठ्या ऑर्डरमध्ये छातीवरचे गोल बोधचिन्ह उभट, अंडाकृती येऊ लागले. मी दोन दिवस पंचिंगला दोष देत राहिले आणि डिझाइन तीन वेळा बदलून घेतले. अखेर फ्रेम लावणाऱ्या मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तेव्हा कारण समजले. बाहेरच्या रिंगेचा स्क्रू आवळून झाल्यावर ती कपड्याची कड चारही बाजूंनी धरून एकेक हिसका देत होती. होजिअरी उभ्यापेक्षा आडवी अधिक ताणली जाते, त्यामुळे आडवा हिसका जास्त बसत होता. ताणलेल्या कापडावर यंत्र अगदी अचूक वर्तुळ काढत होते आणि फ्रेम सुटताच ते आडव्या अंगाने आक्रसत होते. तो हिसका द्यायला तिला मीच शिकवले होते.

स्क्रूचे माप आधी ठरवावे, हे त्या दिवसापासून आमच्याकडे पक्के झाले. बाहेरची रिंग कपड्याच्या आत सरकवायची, तिच्यावर बॅकिंग आणि कपडा सपाट पसरायचा आणि आतली रिंग तळहाताच्या एकसारख्या दाबाने वरून बसवायची. ती बेताच्या जोराने बसेल इतकाच स्क्रू आधी ढिला केलेला असावा. नंतर तो आवळायचा नाही आणि कड ओढायची नाही. आतली रिंग बाहेरच्या रिंगेपेक्षा एखादा मिलिमीटर खाली उतरली की पकड चांगली बसते. मग कापडावरून हलकेच बोट फिरवावे. बोटापुढे कापडाची लाट येऊ नये आणि विणीच्या उभ्या रेषा फ्रेम लावण्यापूर्वी होत्या तशाच सरळ राहाव्यात. बॅकिंग चारही बाजूंनी फ्रेमच्या पकडीत आले पाहिजे, आणि होजिअरीला ते, भरतकाम झाल्यावर उरलेला भाग फाडून काढण्याचे नव्हे, तर कापून काढण्याचे हवे. फ्रेमही डिझाइन मावेल अशी लहानात लहान घ्यावी. मोठ्या फ्रेमच्या मधोमध कापड सुईबरोबर वर उचलले जाते, टाके सुटतात, दोरा तुटतो आणि आउटलाइन भरावापासून दूर पडते.

मखमल आणि चामडे यांचा प्रश्न वेगळा आहे. सुती कपड्यावर उमटलेला फ्रेमचा वळ बहुधा वाफेने जातो. मखमलीची दबलेली लव किंवा चामड्यावरची खूण मात्र अनेकदा कायमची राहते. म्हणून तिथे फक्त बॅकिंग फ्रेममध्ये लावून कपडा त्यावर चिकटवणे श्रेयस्कर.

जाड शिवण, झिप किंवा तयार खिसा असलेल्या वस्तूंवर, पिशव्यांवर आणि बुटांवर रिंग बसतच नाही. तिथे क्लॅम्प, म्हणजे चिमट्यासारखी पकड, वापरावा लागतो. अनेक क्लॅम्प वस्तूला सगळीकडून न धरता दोनच बाजूंनी धरतात, म्हणून मोकळ्या बाजूने ती सरकण्याचा धोका असतो. खाली चिकट बॅकिंग लावणे, यंत्राचा वेग कमी ठेवणे आणि टाके सुरू करण्यापूर्वी डिझाइनची हद्द एकदा ट्रेस करून (टाके न घालता यंत्र तिच्या कडेने फिरवून) पाहणे हे तीनही उपाय मी दर वेळी करते, कारण सुई क्लॅम्पच्या धातूवर आपटली तर सुई मोडण्यावरच भागत नाही, सुईचा दोरा खाली पकडणाऱ्या हुकचे टायमिंगही (सुईशी असलेला मेळ) बिघडू शकते. टोपीचे भरतकाम मध्यापासून दोन्ही बाजूंना आणि खालून वर केले, तर सरकणारे कापड कडेकडे जाते आणि मध्यभागी फुगा धरत नाही.

चुंबकी फ्रेमचा उल्लेख आपल्या लेखात सोय म्हणून आला आहे. ती खरोखरच मनगटांची सोय आहे. दिवसभर स्क्रू फिरवून आणि रिंग दाबून ज्यांचे हात दुखतात, त्यांना त्यामुळे मोठा आराम मिळतो. मात्र तिची पकड अचानक बसते आणि बोटे चिमटतात, शिवाय पेसमेकर असलेल्या व्यक्तीने तिच्यापासून दूर राहिले पाहिजे, हे सांगायला हवे होते.

अनेक कारखान्यांत फ्रेम लावण्याचे काम सर्वांत नवख्या हाताकडे दिले जाते, त्याचे शिक्षण तासाभरात आटोपले जाते आणि यंत्र चालवणाऱ्यालाच कारागीर समजले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. यंत्र मिळालेल्या सूचना जशाच्या तशा पाळते. कापडाची वीण पाहून हाताचा दाब बदलणे त्याला जमत नाही. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी टी-शर्ट, शर्ट, जॅकेट आणि टोपी या प्रत्येकासाठी फ्रेम लावण्याचा स्वतंत्र सराव अभ्यासक्रमात ठेवावा, आणि आपण या विषयावर पुढचा लेख प्रसिद्ध कराल तेव्हा यंत्राबरोबरच फ्रेम लावणाऱ्या कारागिराच्या हातांचेही छायाचित्र छापावे, अशी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक भरतकाम व्यावसायिक