गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या टेकडीवरून मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी रात्री माझी मुलगी इंटरनेटच्या रेंजसाठी भर पावसात टेकडीवर उभी होती. कॉलेजचा अर्ज भरायची ती शेवटची रात्र. मी छत्री धरली होती, नवरा बॅटरी मारून सापकिरडू बघत होता. पैसे भरायच्या पानावर चक्र फिरत राहिलं. बारा वाजले. अर्ज गेला नाही.

2020 च्या टाळेबंदीत ही मुलगी आठवीत होती. याच टेकडीवर, काजूखाली बसून शिकली. तेव्हा टॉवरचा शब्द मिळाला होता. पाच वर्षं झाली, आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, साधा फोनही लागत नाही.

पैसा नाही असं कृपा करून सांगू नका. टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातला 5 टक्के वाटा खेड्यांतल्या सेवेसाठीच्या निधीत जातो. तो आमच्याच रिचार्जचा पैसा. 2024 च्या जुलैत खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेही आम्ही भरतो. पंचायतींना फायबरने जोडायची योजना 2011 ची. 2023 मध्ये तिच्यासाठी आणखी 1 लाख 39 हजार कोटी मंजूर झाले. आमच्या पंचायत घरापर्यंत ती तार आलीसुद्धा! पण पाच वाजता कुलूप लागतं, आणि वाडा तिथून तीन किलोमीटर.

हे काम होण्यासारखं आहे. दिल्लीच्या डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशनने 2010 पासून परवाना न लागणाऱ्या लहरींवर गावांत वायरलेस जाळी उभारली, मध्य प्रदेशातल्या चंदेरीच्या विणकरांपर्यंत इंटरनेट नेलं. केरळ सरकारने 2023 मध्ये स्वतःचं फायबर जाळं सुरू करून गरीब घरांना फुकट जोडण्या द्यायला घेतल्या. केंद्राच्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफाय योजनेत तर गावचा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो. आमचा बचत गट ते चालवायला तयार आहे. पंचायतीतली तार वाड्यापर्यंत आणून द्या, एवढंच मागणं.

2025 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. मग हा हक्क किनाऱ्यावरच संपतो का? अंजुण्याच्या धरणाखाली सत्तरीची गावं गेली. द्यायची वेळ आली की आम्ही गोंयकार, घ्यायची वेळ आली की डोंगरातली चार घरं! दाखला, पेन्शन, प्रवेश, सगळं ऑनलाइन करताना आमच्याकडे एकदा तरी कोणी विचारायला आलं होतं?

प्रवेशाची दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात आहे. तेव्हाही आम्ही तिघं टेकडीवरच असू.

आपली,
सत्तरीतली एक आई