आपले मत आणि चर्चचे नाव

वसई

चि. अनितास,
अनेक आशीर्वाद.

तू फेसबुकवर लिहिलेला मजकूर तुझ्या आईने मला परवा वाचून दाखवला. निवडणुकीत तू कोणाच्या बाजूने आहेस याविषयी मला काही म्हणायचे नाही. मत तुझे आहे आणि ते तू विचार करूनच बनवले असशील. मला खटकले ते त्यातले एकच वाक्य. ‘खरा ख्रिस्ती माणूस त्यांना मत देऊच शकत नाही,’ असे तू लिहिलेस. त्याने समोरच्याचा मुद्दा खोडला गेला नाही, समोरचा माणूसच चर्चबाहेर काढला गेला.

हीच चूक मी तुझ्या दुप्पट वयाचा असताना केली आहे, म्हणून लिहितो. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली. आपल्या पट्ट्यातल्या अनेक गावांना तिच्यात जायचे नव्हते. वाड्या जाऊन इमारती येतील, विहिरी आटतील, घरपट्टी वाढेल, ही भीती खोटी नव्हती. पण नळाचे पाणी, गटारे, कचऱ्याची गाडी हवी म्हणणारेही आपल्यातच होते आणि त्यांची गरजही खोटी नव्हती. 2011 साली शासनाने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि घराघरांत दोन तट पडले. त्याच दिवसांत एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात मी तुझ्या दादाकाकांना चारचौघांत म्हणालो की, महानगरपालिका हवी म्हणणाऱ्याने स्वतःला ख्रिस्ती म्हणवू नये. त्यांच्या म्हाताऱ्या आईला विहिरीचे पाणी ओढणे झेपत नव्हते, हे मला ठाऊक होते. दादा काहीच बोलले नाहीत. दर वर्षी त्यांच्याकडून येणारी सुकेळी, म्हणजे आपल्याकडची सुकवलेली केळी, मात्र पुढची सहा वर्षे आली नाहीत.

नंतर एका फादरांनी मला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, 1965 सालचा, आधुनिक जगातील चर्चविषयीचा दस्तऐवज वाचायला दिला. त्याच्या 43 व्या परिच्छेदात या गोष्टीचा नेमका विचार आहे. सांसारिक प्रश्नांवर तितक्याच प्रामाणिक श्रद्धावंतांची मते वेगळी होऊ शकतात, आणि अशा वेळी आपल्या मतासाठी चर्चचा अधिकार कोणी एकट्याने आपल्याकडे ओढून घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. पहिल्या दोन वेळा मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो, हेही सांगून टाकतो.

याचा अर्थ श्रद्धा घरी खुंटीला टांगून सभेला जावे, असा नाही. आपल्या वसईचे धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत पाण्यासाठी आणि झाडांसाठी आवाज उठवला, तो आपल्या श्रद्धेच्या बळावरच. पण लोकांपुढे त्यांनी मांडला तो विहिरींचा आणि हिरवळीचा प्रश्न, आणि तो समजण्यासाठी ऐकणाऱ्याचा बाप्तिस्मा झालेला असण्याची गरज नव्हती. म्हणूनच सर्व धर्मांची माणसे त्या चळवळीत आली. पुढे उस्मानाबादच्या 2020 सालच्या साहित्य संमेलनासाठी त्यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा धर्मगुरू कसा काय अध्यक्ष, असा आक्षेप काहींनी घेतला. आपल्यातल्या अनेकांचे रक्त उसळले होते, माझेही. पण आपण दाखवायचे होते ते मराठी साहित्यातले काम, आणि ते त्यांच्याकडे भरपूर होते.

तुझ्या बाबतीत मला दोनच गोष्टी सुचतात. ज्याला आपला धर्मग्रंथ मान्यच नाही त्याच्यापुढे वचन टाकून वाद संपत नाही. तिथे त्याला तपासता येईल असे कारण द्यावे लागते, धोरणाचा परिणाम कोणावर होतो ते आकड्यांनिशी सांगावे लागते. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. समोरच्याचे म्हणणे आधी तू तुझ्या शब्दांत अशा रीतीने मांडून बघ, की तो म्हणेल, ‘हो, मला हेच म्हणायचे होते.’ मला त्या रविवारी दादांचे म्हणणे असे मांडता आले असते, तर पाण्याची गोष्ट माझ्याच तोंडून निघाली असती आणि पुढचे वाक्य मला उच्चारवले नसते. कोणी शेजाऱ्याविषयी धडधडीत खोटे पसरवत असेल, कोणाच्या जातीधर्मावरून त्याला हिणवत असेल, तर मात्र गप्प बसू नकोस. तिथे दोन बाजू नसतात.

मजकूर काढून टाक, असे मी म्हणत नाही. ते वाक्य तेवढे बदल आणि बदलले आहेस हे तिथेच लिही, गुपचूप पुसू नकोस. त्याखाली दादाकाकांच्या धाकट्याने विचारलेला प्रश्न तसाच पडून आहे. त्याला तिथे उत्तर देण्याआधी एकदा फोन कर. सुकेळी काही वर्षांपासून पुन्हा येऊ लागली आहेत. या खेपेची तुझ्या आईने तुझ्यासाठी डब्यात काढून ठेवली आहेत.

तुझे,
बाबा