बेगमी करायला लावणारा गेम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी जवळ आली की मुलांच्या गेमविषयी तक्रारीची पत्रं छापून येतात. तक्रारी खऱ्या असतात, पण पोरगं नेमका कुठला गेम खेळतंय हे पत्रात सहसा नसतं. गोळीबाराचा, जुगाराच्या वळणाचा आणि डोकं चालवायला लावणारा, सगळे एकाच पोत्यात. म्हणून एकाच गेमबद्दल सविस्तर लिहितो.

‘बॅनिश्ड’ हा गेम २०१४ साली आला. विंडोजच्या संगणकावर चालतो, जुन्या मशिनवरही चालतो. मध्ययुगीन युरोपच्या धाटणीचं गाव, देशोधडीला लागलेली मोजकी कुटुंबं आणि पुढ्यात हिवाळा. शत्रू नाही, तलवार नाही, चलनी पैसाही नाही; नदीवरच्या धक्क्याला व्यापाऱ्याची नाव लागली की मालाच्या बदल्यात माल. अनोळखी लोकांशी चॅट नाही आणि आत काही विकत घ्यावं लागत नाही.

इथल्या मुलांची पहिली गल्लत सरपणात होते. कोल्हापुरात थंडी पडली तर स्वेटर चढतो, भागतं. या गेममध्ये घरातलं सरपण संपलं की माणसं गारठून मरतात. धान्याचा हिशेब सोपा आहे: माणशी वर्षाला साधारण १०० एकक अन्न. वीस माणसं असतील तर २,००० आणि वर थोडी शिल्लक. लाकडी घराला १६ ओंडके आणि ८ दगड लागतात. दगडी घराला २४ ओंडके, ४० दगड, १० लोखंड. पण ते सरपण कमी खातं. पहिल्या दोन-तीन वर्षांत दगडी घराच्या नादी लागू नये, लोखंड हत्यारांना, म्हणजे कामाच्या अवजारांना लागतं.

सुरुवात मध्यम पातळीवर, पाच कुटुंबांपासून करावी. अवघड पातळीत चारच कुटुंबं आणि बियाणं मुळीच नाही. मुलं एका हिवाळ्यात कंटाळतात. आधी खेळ थांबवून नकाशा बघावा. दाट जंगलात कामाच्या हद्दीच्या एकाच वर्तुळात कंदमुळं-फळं गोळा करणाऱ्यांची झोपडी, शिकाऱ्याची झोपडी आणि वनपालाचं ठाणं बसवावं. लाकूडतोड्याचं सरपणाचं आवार ओंडक्यांच्या साठ्याला लागून. घरं तिथंच जवळ, कारण माणसं जेवायला आणि ऊब घ्यायला घरी परततात. घर लांब असलं की दिवस चालण्यातच जातो. वनपालाला आधी फक्त झाडं लावू द्यावीत. जून झालेल्या जंगलातच कंदमुळं आणि औषधी मिळतात, त्यामुळे तिथं कुऱ्हाड चालली की गोळा करणाऱ्यांच्या टोपल्या रिकाम्या. शेताचा सगळ्यात मोठा तुकडा १५ बाय १५ चौकोनांचा, पण पहिल्या वर्षी लहानच घ्यावा. माणसं कमी पडली तर कापणी लांबते आणि हिम पडलं की उभं पीक जातं.

खाणीची जागा मात्र दहादा विचार करून ठरवावी. खाण एकदा खोदली की तो खड्डा गावाच्या उशाला राहतो.

एक गोष्ट पालकांनाही चकवते. गेममध्ये प्रत्येक मालाला साठ्याची मर्यादा घालता येते. ती गाठली की कामकरी हात बांधून बसतात. मूल म्हणतं, “लाकूडतोड्या आळशी आहे.” तो आळशी नसतो, गाव वाढलेलं असतं आणि मर्यादा वीस माणसांच्या वेळचीच राहिलेली असते. हत्यारांचंही तेच. सुरुवातीला सगळ्यांना एकदमच मिळालेली असल्यामुळे ती मोडतातही मागेपुढे एकाच सुमारास. लोहार तोवर बसवला नसेल तर सगळं गाव एकाच वेळी मंदावतं आणि लोखंड गोळा करायचं कामही त्याच मंद हातांवर येतं.

गाव बसतं ते बहुतेकदा पिढ्यांच्या हिशेबात. गेममधल्या एका वर्षात माणूस सुमारे पाच वर्षांनी मोठा होतो. घर मोकळं नसेल तर तरुण जोडप्यांचा संसार थाटत नाही, मुलं होत नाहीत. कोठार भरलेलं, सगळं सुखात, म्हणून पोरं घरं बांधणं थांबवतात. मग सगळे एकदम म्हातारे होतात आणि शेतावर जायला माणूस उरत नाही. याच्या उलट एकाच वर्षी दहा घरं बांधली तर खाणारी तोंडं आधी येतात, कामाचे हात नंतर. उपाय साधा: दर वर्षी एक-दोन घरं, चुकवायची नाहीत आणि वाढवायचीही नाहीत.

शाळा बांधायची की नाही, यावर घरात वाद झालाच पाहिजे. शाळा नसेल तर मूल दहाव्या वर्षी कामाला लागतं. असेल तर पुढची काही वर्षं शिकतं आणि तेवढे हात कमी पडतात, पण शिकलेला माणूस तेवढ्याच वेळात जास्त काम काढतो. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा शेतकऱ्यांच्या घरात हाच प्रश्न उभा राहिला असणार. शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींपेक्षा तो इथे चांगला कळतो.

इतिहासात मात्र गेम घसरतो. मका, बटाटा, भोपळा, मिरची ही पिकं त्यात आहेत आणि ती युरोपात आली कोलंबसनंतर, अमेरिकेतून. आपल्याकडेही मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, त्याआधी तांबड्या रश्श्याला रंग कशाचा होता हे मुलांनाच शोधायला लावावं.

खेळायची पद्धत अशी ठेवावी: माउस एकाकडे, वही दुसऱ्याकडे. वहीत वर्ष, मोठी माणसं, मुलं, अन्न, सरपण, हत्यारं एवढेच रकाने. हिवाळा लागताच खेळ थांबवून आकडे लिहायचे, मगच पुढे. गेमला शेवट नाही आणि तो दहापट वेगाने पळवता येतो, त्यामुळे “अजून एकच वर्ष” म्हणत रात्र उलटते. म्हणून वर्षांची संख्या आधी ठरवावी आणि वसंत लागताच सेव्ह करून उठावं. गाव उपाशी मरू लागलं तर मोठ्यांनी माउस हिसकावू नये. वही उघडून मागच्या दोन हिवाळ्यांचे आकडे दाखवावेत.

रक्त कुठे दिसत नाही, पण भुकेने, थंडीने, बाळंतपणात माणसं गेल्याच्या सूचना नावासकट येतात. आमच्या मते दहा वर्षांखालच्या मुलांना हा गेम एकट्याने देऊ नये. आतला मजकूर इंग्रजीत आहे, तोही त्यांना जड जातो.

आपल्या सुट्टीच्या पुरवणीत गेमची नुसती नावं न छापता प्रत्येकाखाली चार गोष्टी द्याव्यात, ही विनंती: चॅट आहे का, आत पैसे मागतो का, मध्येच थांबवता येतो का, आणि कितव्या इयत्तेपासून जमेल.

आपले,
संगणक शिकवणारे दोन वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर