टेंडर उघडलं की बातमी होते, माल चालू झाला का हे कोण विचारणार?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पेपरात टेंडरची बातमी असली की मी सगळ्यात आधी तीच वाचतो, कामच ते आहे. सतरा वर्षं सरकारी खरेदीत गेली, त्यातली शेवटची सहा-सात अशा खुर्चीवर, की फाईल तयार करणारे खाली आणि सही करणारे वर, मधे मी. धोरण वर ठरतं, राबवायचं खाली असतं आणि या दोन्हीत जे बसत नाही ते माझ्या टेबलावर येतं. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनात घट्ट बसलीये, की बातमी दोनच दिवशी येते. टेंडर उघडलं त्या दिवशी, आणि काही भानगड सापडली त्या दिवशी. मधली तीन-चार वर्षं, म्हणजे लोकांचा पैसा खरंच खर्च होत असतो तो काळ, तेव्हा कोणीच काही विचारत नाही. पत्र लिहायला बसलो ते यासाठी.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे लिफाफे उघडायचे, दर एकाखाली एक मांडायचे आणि सगळ्यात कमी वाल्याला ऑर्डर द्यायची. तेवढंच असतं तर कॉम्प्युटरनेच केलं असतं की. खरी मारामारी त्याच्या कितीतरी आधी असते. विभागाकडून मागणी येते, तीत लिहिलेलं असतं "मागच्याप्रमाणे". मागचं चाललं का विचारलं तर उत्तर नसतं. मग बसायचं, विचारायचं, हे नक्की कशासाठी हवंय, वापरणार कोण, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, रोज किती वेळ चालणार. लोक वैतागतात, "साहेब तुम्ही खरेदी करा ना, प्रश्न कशाला" म्हणतात. पण हे प्रश्न तेव्हा विचारले नाहीत तर दोन वर्षांनी ऑडिटवाला विचारतो, आणि तेव्हा पैसे गेलेले असतात. कधी स्पेसिफिकेशन कुठल्यातरी एका कंपनीच्या माहितीपत्रकातून जसंच्या तसं उचललेलं असतं, लांबी-रुंदी मिलिमीटरपर्यंत, आणि "किंवा समतुल्य" हे दोन शब्द गायब. दरवेळी वाईट हेतू असतोच असं नाही हां, बऱ्याचदा लिहिणाऱ्याला दुसरं काही माहीतच नसतं, घाई असते. पण परिणाम तोच, एकच बिडर उरतो.

एक प्रसंग सांगतो, तो माझ्याच हातून झालेला आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी मशीन घेतली. टेंडर अगदी स्वच्छ, पाच बिड, दर चांगला, कुठलीही तक्रार नाही, वरून कौतुकही झालं. वर्षभराने दुसऱ्याच कामाला तिकडे गेलो तर स्टोअरच्या कोपऱ्यात ओळीने खोकी, त्यावरची टेपसुद्धा फाडलेली नाही. खोलीचं वायरिंग झालं नव्हतं, त्याचं टेंडर दुसऱ्या विभागाकडे होतं आणि ते रखडलं होतं. मी एका खोक्यावरची धूळ हाताने पुसून स्टिकर वाचला आणि घरी येऊन कॉन्ट्रॅक्ट काढलं. वॉरंटी "माल पोचल्याच्या तारखेपासून" एक वर्ष. "मशीन बसवून चालू करून दिल्याच्या तारखेपासून" असं लिहायला हवं होतं. ते मी लिहिलेलं नव्हतं. माल मिळाल्याचा दाखला सही होऊन पेमेंटही झालेलं, म्हणजे कंपनीची काहीच चूक नाही. मशीन एकदाही सुरू न होता वॉरंटी संपायला अकरा दिवस उरले होते. त्या रात्री झोप लागली नाही. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की रेकॉर्डवर ही खरेदी आजही "यशस्वी" आहे. कुठल्याच रजिस्टरला, कुठल्याच ऑडिटला, कुठल्याच पेपरला ती खोकी दिसली नाहीत.

ओईसीडी, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना, तिच्या देशांमध्ये 2021 साली सरकारी खरेदी जीडीपीच्या जवळपास 13 टक्के होती. एवढा पैसा, आणि आमच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात एका दिवसावर, दर उघडण्याच्या.

एल-वनचं म्हणजे सगळ्यात कमी दराचं भूत सगळ्यांच्या मानगुटीवर का बसलंय तेही सांगतो. त्याने अधिकारी सुरक्षित राहतो. कमी दरवाल्याला दिलं तर कोणी बोट दाखवत नाही, दुसऱ्याला दिलं तर मागाहून दहा वर्षं उत्तरं देत बसा. पण 1971 साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल कंपनीतल्या तीन इंजिनियरांनी दाखवून दिलं होतं, की तेलक्षेत्राचा लिलाव बहुतेकदा तोच जिंकतो ज्याने तिथल्या तेलाचा अंदाज सगळ्यात जास्त फुगवून धरलेला असतो, म्हणून जिंकूनही तो तोट्यात जातो. याला विनर्स कर्स, म्हणजे विजेत्याचा शाप म्हणतात. टेंडरमध्ये हेच उलट्या बाजूने होतं, खर्चाचा अंदाज ज्याने सगळ्यात कमी धरला त्याला काम मिळतं. मग तो ते भरून कुठून काढणार? माणसं कमी करून, मटेरियल हलकं वापरून, नाहीतर अर्ध्यावर येऊन "एक्स्ट्रा आयटम"ची, म्हणजे मूळ कॉन्ट्रॅक्टमध्ये नसलेल्या जादा कामांची यादी पुढे करून. माझ्या टेबलावर अशा याद्या आल्यात, आणि त्या येतात तेव्हा काम निम्मं झालेलं असतं, बंद करता येत नाही.

ब्रिटनमधल्या कॅरिलियनचं उदाहरण मी नवीन आलेल्या मुलांना नेहमी सांगतो. हॉस्पिटलं बांधायची, शाळांची देखभाल करायची, जेवण पुरवायचं, जवळपास 450 सरकारी कॉन्ट्रॅक्टं या एका कंपनीकडे. जुलै 2017 मध्ये कंपनीने स्वतःच नफ्याबद्दल धोक्याचा इशारा दिला, 84 कोटी 50 लाख पौंडांचा फटका बसणार असं सांगितलं, आणि तरी आठवड्याभरात हायस्पीड रेल्वेच्या कामात तिला भागीदार म्हणून कॉन्ट्रॅक्ट मिळालं. 15 जानेवारी 2018 ला कंपनी बुडाली. तिजोरीत फक्त 2 कोटी 90 लाख पौंड होते आणि देणी जवळपास 700 कोटींची. लिव्हरपूलचं अर्धवट हॉस्पिटल तसंच उभं राहिलं, ते रुग्णांसाठी उघडायला 2022 उजाडलं. संसदेच्या समितीने नंतर सरकारच्या कमी किमतीच्या हट्टाकडेही बोट दाखवलं. टेंडर देताना कागद सगळे बरोबर असतील, मला तेच म्हणायचंय, कागद बरोबर असतातच. त्यानंतर त्या कंपनीची प्रकृती रोज बघणारं कोणी होतं का, हा प्रश्न आहे.

त्यातून ते शिकले मात्र. तिथला नवा खरेदी कायदा 24 फेब्रुवारी 2025 पासून लागू झाला, त्यात दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. आधी निवड करायची ती "आर्थिकदृष्ट्या सर्वात फायदेशीर" बिडची, आता "आर्थिकदृष्ट्या" हा शब्दच काढून टाकलाय. एक शब्द, पण दर म्हणजेच सगळं नाही हे त्यातून स्पष्ट होतं, आमच्यासारख्याला त्याचं वजन कळतं. दुसरी म्हणजे 50 लाख पौंडांच्या वरच्या बहुतेक कॉन्ट्रॅक्टांना कामगिरी मोजायचे किमान तीन निकष जाहीर करायचे आणि त्यावर ठेकेदार कसा उतरला हे वर्षातून एकदा तरी लोकांसमोर मांडायचं. म्हणजे सही झाल्यावरही माहिती बाहेर येत राहणार. युक्रेनमध्ये तर 2016 पासून प्रोझोरो नावाची सरकारी खरेदीची ऑनलाइन यंत्रणा सक्तीची आहे, बिड, कागदपत्रं, कॉन्ट्रॅक्टमधले नंतरचे बदल, जवळपास सगळं कोणालाही बघता येतं. मधेच किंमत वाढवून घेतली तर ती कोणीही पकडू शकतो. आणि लोक खरंच पकडतात, नुसतं पोर्टल काढून भागत नाही.

आता माणसांचं. कॉन्ट्रॅक्ट सही झालं की टेंडर केलेली टीम पुढच्या टेंडरला लागते, आणि सांभाळायला देतात कोणाला, तर ज्याच्याकडे आधीच पाच कामं आहेत त्याला. त्याची बदली झाली की फाईल कपाटात जाते आणि कॉन्ट्रॅक्टमधली तोंडी समजूत, कोणाला काय सांगितलं होतं, पेनल्टी का लावली नव्हती, हे सगळं त्याच्याबरोबर निघून जातं. समोर ठेकेदाराकडे मात्र वकील असतो, कॉन्ट्रॅक्ट मॅनेजर असतो, प्रत्येक ईमेल जपून ठेवलेला असतो. बरोबरीचा सामनाच नाही हो हा. मी वरती दोनदा नोट टाकली, की मोठ्या कॉन्ट्रॅक्टला शेवटपर्यंत एक नेमका माणूस द्या आणि त्याची वर्षाची कामगिरी त्यावर मोजा. "निधी वाचवला" या रकान्याला मार्क आहेत, "माल नीट चालतोय" याला रकानाच नाही. पहिल्या नोटवर शेरा आला "चर्चा करावी", दुसरी अजून परत आलेली नाही. तिसरी तयार आहे.

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे. टेंडरची बातमी छापता तेव्हा तिची तारीख कुठेतरी लिहून ठेवा आणि दोन वर्षांनी वार्ताहराला परत पाठवा. जे घेतलं ते बसवलं का, चालतंय का, मूळ किमतीवर किती वाढ दिली, पेनल्टी लागली का आणि वसूल झाली का, एवढे चारच प्रश्न. आमच्यातले काही जण चिडतील, पण प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला याचा आधारच वाटेल, कारण आज तो ऑफिसात हे प्रश्न विचारतो तेव्हा एकटा पडतो. उद्या बाहेरूनही कोणी विचारणार आहे हे माहीत असलं तर वॉरंटीची ती ओळ लिहिताना माझ्यासारख्याचा हात थांबेल.

त्या खोक्यांनंतर मी एक वही केलीये. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टची वॉरंटी कधी सुरू, कधी संपते, आणि मी स्वतः जाऊन वस्तू कधी पाहिली. येत्या सोमवारी त्यातली एक तारीख आहे, सकाळीच निघतोय.

आपला,
एक खरेदी अधिकारी
(नोकरीत असल्याने नाव छापू नये ही विनंती)