नव्या संघाचा निकाल पहिल्या दोन शर्यतींत लावू नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर मोटारशर्यतींना अलीकडे बऱ्यापैकी जागा मिळू लागली आहे, याचा ज्याने उभी नोकरी यंत्र अभियांत्रिकी शिकविण्यात घालविली अशा माझ्यासारख्या वाचकाला मनापासून आनंद होतो. मात्र एखादा नवा संघ उतरला की पहिल्या दोन-तीन शर्यतींचा गुणतक्ता पाहून त्याला ‘अपयशी’ किंवा ‘दमदार’ ठरविण्याची जी घाई होते, तिच्याविषयी काही लिहिणे मला आवश्यक वाटते. फॉर्म्युला वनमध्ये २०२६ च्या हंगामापासून कॅडिलॅक हा अकरावा संघ दाखल झाल्यामुळे हा विषय धुळे-जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांच्या तोंडीही आहे, आणि त्यांची मते बव्हंशी वृत्तपत्रांतील मथळ्यांवरच बनत असतात.

आपल्या जवळचे उदाहरण म्हणून महिंद्राच्या संघाकडे पाहावे. विजेवर धावणाऱ्या गाड्यांची फॉर्म्युला ई ही मालिका १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंग येथे सुरू झाली, तेव्हा पहिल्याच शर्यतीत महिंद्राचा करुण चंढोक पाचवा आला; नोव्हेंबरमध्ये मलेशियातील पुत्रजयाच्या शर्यतीत तो सहावा आला. पाचव्या क्रमांकाचे दहा आणि सहाव्याचे आठ, असे अठरा गुण दोन शर्यतींत जमा झाले आणि भारतीय संघ आता आघाडीवर राहणार असे अनेकांना वाटू लागले. अकरा शर्यतींचा तो हंगाम संपला तेव्हाही चंढोकच्या नावावर अठराच गुण होते. उरलेल्या नऊ शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. त्याचा सहकारी ब्रुनो सेना याने चाळीस गुण मिळविले आणि दहा संघांत महिंद्राला आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले.

यावरून चंढोकला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्या पहिल्या हंगामात सर्व संघांना एकाच बनावटीच्या गाड्या दिलेल्या होत्या, प्रत्येक शर्यतपटूला दोन गाड्या मिळत आणि बॅटरी शर्यतभर पुरत नसल्यामुळे मध्यावर पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागी, येऊन तो एका गाडीतून उतरून दुसरीत बसत असे. एका गाडीत वापरता येण्याजोगी ऊर्जा २८ किलोवॉट-तासांची होती, ती कोठे वाचवायची आणि कोठे खर्च करायची हे शास्त्र तेव्हा कोणालाच नीट अवगत नव्हते. बीजिंगमध्ये ऑडी संघाच्या डॅनियल अॅब्टने मर्यादेपेक्षा अधिक ऊर्जा वापरली म्हणून दंड झाला आणि त्याचे तिसरे स्थान गेले. अशा परिस्थितीत पहिल्या दोन शर्यतींत सावधपणे गाडी शेवटपर्यंत नेणाऱ्याला गुण मिळत होते. पुढे मोठे संघ तो हिशेब शिकले आणि नुसता सावधपणा पुरेनासा झाला. महिंद्रानेही तो शिकून घेतला, पण त्याला वेळ लागला. दुसऱ्या हंगामाच्या आरंभी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, त्याच बीजिंगला निक हाइडफेल्ड तिसरा आला, आणि पहिला विजय मिळण्यास जून २०१७ उजाडावा लागला, जेव्हा बर्लिनमध्ये फेलिक्स रोझेनक्विस्टने शर्यत जिंकली.

अमेरिकेच्या हास संघाचेही असेच झाले. २०१६ मध्ये मेलबर्नच्या पदार्पणातच रोमां ग्रोजाँ सहावा आणि पुढच्या बहारीनमध्ये पाचवा आला, म्हणजे योगायोगाने येथेही दोन शर्यतींत अठरा गुण झाले. परंतु २१ शर्यतींअखेर संघाचे एकूण गुण २९ भरले. मेलबर्नला एका मोठ्या अपघातामुळे शर्यत थांबविण्यात आली होती आणि त्या थांब्यात ग्रोजाँला वेळ न गमावता टायर बदलता आले, हा तपशील गुणतक्त्यात दिसत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण तर आपल्याकडे सर्वांना ठाऊक असायला हवे. विजय मल्ल्या यांच्या फोर्स इंडिया संघाने २००८ चा सारा हंगाम, म्हणजे अठरा शर्यती, एकही गुण न मिळवता काढला. मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत त्याची एकही गाडी शेवटपर्यंत पोहोचली नाही. त्या वर्षी मोनॅकोच्या पावसात अॅड्रियन सुटिल शर्यत संपण्याच्या सुमारास चौथ्या स्थानावर धावत होता आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर फेरारीच्या किमी रायकोननची गाडी मागून येऊन त्याच्यावर आदळली. सुटिलचे डोळे भरून आलेले चित्रवाणीवर पाहिले तेव्हा मलाही फार वाईट वाटले होते. ज्यांनी गुणतक्ता पाहिला त्यांना त्या रविवारीही शून्यच दिसले. ज्यांनी शर्यत पाहिली त्यांना संघ कोठे पोहोचू शकतो ते कळले होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या स्पा येथे संघाच्या जियानकार्लो फिसिकेलाने पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून शर्यत सुरू करण्याचा मान, मिळविली आणि शर्यतीत रायकोननच्या मागोमाग, एका सेकंदाच्याही आत, दुसरे स्थान पटकाविले. फोर्स इंडियाची ती तिसावी शर्यत होती आणि संघाला मिळालेले ते पहिले गुण होते.

मग नव्या संघाकडे पाहताना काय पाहावे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला २०१० च्या हंगामात सापडते. त्या वर्षी लोटस, व्हर्जिन आणि हिस्पानिया असे तीन संघ एकदम नव्याने उतरले. हिस्पानियाची अवस्था सर्वांत बिकट होती. त्यांच्या गाडीची हंगामापूर्वी चाचणीच झाली नव्हती, आणि तेव्हा या संघात असलेल्या चंढोकने आपली गाडी पहिल्यांदा चालविली ती थेट बहारीनच्या पात्रता फेरीत; दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत तो अपघाताने बाद झाला. तरीही दोन आठवड्यांनी मेलबर्नला त्याने शर्यत पूर्ण केली, पाच फेऱ्या मागे राहून का होईना, आणि तिसऱ्या शर्यतीत, मलेशियात, संघाच्या दोन्ही गाड्या अखेरपर्यंत धावल्या. व्हर्जिनची गाडी वेगाने सरस होती, पण तिची इंधनटाकीच लहान पडत असल्याचे हंगाम सुरू झाल्यावर उघड झाले आणि गाडीच्या सांगाड्यात बदल करण्याची परवानगी संघाला मागावी लागली. तिसऱ्या शर्यतीत लुकास डी ग्रासीने कसेबसे इंधन वाचवीत चौदावे स्थान गाठले, तेव्हा कोठे व्हर्जिनची पहिली गाडी शेवटापर्यंत पोहोचली. (याच डी ग्रासीने चार वर्षांनी बीजिंगची पहिली फॉर्म्युला ई शर्यत जिंकली.) हंगामाअखेर तिन्ही संघांचे गुण शून्यच होते, मात्र शर्यतींतील क्रमांकांच्या निकषावर हिस्पानिया व्हर्जिनच्या वर राहिला. खालच्या टोकालाही क्रमवारीवर बक्षिसाचे आणि पुढील वर्षाच्या प्रायोजकांचे गणित ठरत असते, त्यामुळे संथ गाडी शेवटपर्यंत नेणाऱ्या त्या मेकॅनिक मंडळींचे श्रम मला फार मोलाचे वाटतात.

म्हणून पहिल्या चार-पाच शर्यतींत तीन बाबी पाहाव्यात असे माझे मत आहे. किती फेऱ्या पूर्ण झाल्या, ही त्यांतील पहिली. गाडी बंद पडली तर ती कशामुळे, आणि तोच दोष पुढील शर्यतीत पुन्हा उद्भवला का, ही दुसरी. गिअरबॉक्स एकदा निकामी होणे हा नवखेपणा असू शकतो, पण तीन वेळा तोच बिघाड होणे म्हणजे कारखान्यातील तपासणीतच काही चुकते आहे. तिसरी बाब म्हणजे पात्रता फेरीतील अंतर, आणि तेही सेकंदांत न मोजता सर्वांत वेगवान वेळेच्या टक्क्यांत, कारण मोनॅकोची फेरी आणि स्पाची फेरी यांच्या लांबीत दुपटीहून अधिक फरक आहे. फॉर्म्युला वनमध्ये १०७ टक्क्यांचा नियम याच विचारातून आला आहे: पात्रता फेरीच्या पहिल्या टप्प्यातील सर्वोत्तम वेळ ९० सेकंद असेल, तर ९६.३ सेकंदांच्या आत फेरी पूर्ण करणे अपेक्षित असते. १९९७ मध्ये मेलबर्नला लोलाच्या दोन्ही गाड्या पोलच्या वेळेपेक्षा अकरा सेकंदांहून अधिक मागे पडल्या, शर्यतीस अपात्र ठरल्या आणि तो संघ पुढच्या शर्यतीपूर्वीच गुंडाळला गेला. तेव्हा पहिल्याच आठवड्यात निकाल कळावा असेही प्रसंग येतात, हे मी नाकारीत नाही. मात्र तेथेही निकाल कळाला तो अंतरावरून.

कॅडिलॅकच्या बाबतीतही हीच मोजपट्टी लावावी. जुन्या संघांपाशी वायुबोगद्यातील (गाडीवर वारा सोडून घेतलेल्या चाचणीतील) आकडे आणि प्रत्यक्ष ट्रॅकवरील वर्तन यांची वर्षानुवर्षांची पडताळणी असते, नव्या संघाला ती शर्यतीगणिक जमवावी लागते. सुटे भाग मोजके असतात, त्यामुळे शुक्रवारी एक अपघात झाला तरी रविवारपर्यंत हात आखडता घ्यावा लागतो. पिटमध्ये टायर बदलणारी माणसे एकमेकांना सरावलेली नसतात. त्यातच २०२६ पासून सुमारे निम्मी शक्ती विजेतून घेणारी नवी इंजिने आली असून, कॅडिलॅकने स्वतःचे इंजिन तयार होईपर्यंत फेरारीचे घेतले आहे. सर्जिओ पेरेझ आणि वाल्टेरी बोटास या दोघांची निवड मला शहाणपणाची वाटते. एकाने सहा, दुसऱ्याने दहा शर्यती जिंकल्या आहेत, आणि गाडी नेमकी कोठे अडखळते हे अभियंत्यांना शब्दांत सांगू शकणारा शर्यतपटू नव्या संघाला एखाद्या वेगवान पोरापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

हे सारे मी तळमळीने लिहीत आहे, कारण या घाईची झळ आपल्या खान्देशातल्या मुलांना बसताना मी पाहिली आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून होणारी बाहा एसएई इंडिया ही स्वतः बांधलेल्या, खडबडीत वाटेवरच्या गाड्यांची स्पर्धा अनेक वर्षे मध्य प्रदेशातील पीथमपूरला भरत आली आहे. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर ओलांडून बिजासनी घाट चढला की सेंधव्यापुढे ते गाव काही फार दूर नाही. पारंपरिक गटात सर्वांना एकाच बनावटीचे, सुमारे दहा अश्वशक्तीचे इंजिन असते. बाकीची गाडी मुलांनीच आखायची, वेल्डिंगही त्यांनीच करायचे. तांत्रिक तपासणी अतिशय कडक असते, ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकाच वेळी जाम झाली नाहीत तर गाडी पुढे जाऊ शकत नाही, आणि अखेरीस चार तासांची सहनशक्तीची शर्यत असते. आमच्या भागातील एका महाविद्यालयाचा संघ पहिल्या वर्षी ब्रेकच्या चाचणीत अडला, तो दोष मुलांनी तेथेच रात्रभर जागून दूर केला आणि सहनशक्तीच्या शर्यतीत गाडी उतरविली. ती पूर्ण चार तास टिकली नाही, तरी पदार्पणाच्या मानाने हे काम उत्तम होते. परत आल्यावर व्यवस्थापनाने क्रमांक विचारला आणि पुढील वर्षाचा निधी बंद केला. त्या मुलांनी लिहून ठेवलेली बिघाडांची वही पुढच्या तुकडीच्या हाती गेलीच नाही. कपाशीच्या पहिल्या वेचणीवर कोणी शेत मोडत नाही, ही गोष्ट त्या व्यवस्थापनातील शेतकरी कुटुंबांतून आलेल्या मंडळींना मी सांगूनही पाहिली.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती एवढीच आहे की, नव्या संघाच्या शर्यतीची बातमी देताना क्रमांक आणि गुण यांच्याशेजारी पूर्ण झालेल्या फेऱ्या, पात्रता फेरीतील टक्केवारीचे अंतर आणि गाडी बाहेर पडल्यास त्याचे कारण, हे तीन रकाने छापावेत. त्यासाठी चार ओळींपेक्षा अधिक जागा लागणार नाही. तसेच बाहा आणि कोइम्बतूरची फॉर्म्युला भारत (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या शर्यतगाड्यांची) या स्पर्धांत उत्तर महाराष्ट्रातून जाणाऱ्या संघांची वार्ता देताना पहिल्यांदा उतरणाऱ्या संघांचा वेगळा उल्लेख करावा, त्यांनी कोणती चाचणी पार केली आणि कोठे अडले ते लिहावे. महाविद्यालयांची व्यवस्थापने आपले दैनिक रोज वाचतात.

कळावे.

आपला विश्वासू,
यंत्र अभियांत्रिकीचा एक निवृत्त अधिव्याख्याता
देवपूर, धुळे