कलकलं वळायला माणसं हवीत

महोदय,
नाताळ आला की बातम्यांत केक आणि सांताच्या लाल टोप्याच दिसतात. आमच्या चरईतल्या घरी मात्र डिसेंबर अर्धा सरला की कलकलं, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, वळायची घाई. मैदा, रवा, नारळाचं दूध. गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली की शिंपल्यासारखी नक्षी उठते. काटे कमी पडले तर नवा कोरा कंगवा! किलोभर पिठाला चार माणसं आणि अख्खी दुपार. जाड कोणी वळली, हे सासूबाई न बघता ओळखतात. शेजारच्या वहिनी हमखास येतात. दिवाळीत त्यांच्या करंज्यांना आम्ही असतो, आणि आमच्या नेवऱ्या म्हणजे तरी काय, करंज्याच.

यंदा केकचं मिश्रण कालवून ठेवलं आणि वीज गेली ती तीन तास. देखभालीचं काम म्हणे, पूर्वसूचना शून्य. शेवटी नवरा भांडं मांडीवर धरून रिक्षाने ओळखीच्या बेकरीच्या भट्टीवर गेला. दिवाळीआधी ही कामं वेळेत उरकतात, तशी 24 डिसेंबरच्या आठवडाभर आधीच उरकावीत, एवढंच संबंधितांना सांगणं.

- एक गृहिणी, चरई, ठाणे